करंड्यातली गोळी

कप हातातून उडाला. निसटला असता तर मांडीवर पडला असता. हा उडाला, समोरच्या माईकवर आपटला, आणि रत्नागिरी एसटी स्थानकातल्या यच्चयावत प्रवाशांना 'लांजामार्गे राजापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक' एवढं ऐकू आलं आणि मग ठण्ण. फलाटाचा आकडा चहात बुडाला. बाहेर कुणीतरी हसलं, एका म्हाताऱ्यानं काचेला नाक लावून "कितवा, ओ बाई, कितवा?" म्हणून विचारलं, आणि शेजारच्या खुर्चीवरचे सुर्वे फडकं घेऊन धावले. भाजलं नाही ना, बसा, उठू नका, या दिवसांत होतं असं, आमच्या हिच्या हातातून तर पोळपाट पडायचा. शमिका हो हो म्हणाली. चौथा महिना सरत आला होता, तेव्हा तिच्या बाबतीत जे काही होईल त्याला 'या दिवसांत होतं असं' हे उत्तर सगळ्या डेपोनं तयारच ठेवलं होतं. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. हात टेबलावर पालथा पडला होता, साळसूद, जणू त्यानं काही केलंच नाही. पण तिनं त्याला ओळखलं. शाळेत असताना सकाळी वेणी घालता घालता असाच कंगवा उडायचा, दात घासताना ब्रश उडायचा, आणि आई म्हणायची, धांदरट मेली. हा त्याच घराण्यातला झटका. धाकटा भाऊ पुढे येऊन दार वाजवून जातो, मग मागून थोरला येतो, आणि थोरला आला की तो जमिनीवर आपटल्याशिवाय परत जात नाही.

पण का? तिनं फलाटाचा आकडा पुन्हा सांगितला, जयगडची गाडी सांगितली, गणपतीपुळ्याची सांगितली, आवाज अगदी रोजचा, आणि आत मात्र एकच प्रश्न गिरमिटासारखा फिरत होता. गोळी चुकली नव्हती. सकाळची घेतली होती, काल संध्याकाळची घेतली होती. दात घासले की स्वयंपाकघराच्या फळीवरचा करंडा उघडायचा, गोळी उचलायची, तोंडात टाकायची, पाणी. झोपेतसुद्धा हात चुकला नसता, चौदा वर्षांची सवय. गोळीकडे बघायची मात्र सवय नव्हती. बघायचं नाही असंच तिला शिकवलेलं. "बघत काय बसतेस, घे नि गिळ," आई म्हणायची, आणि मागचं दार लोटून घ्यायची.

तो करंडा आईचा. लाकडी, रंगीत, सावंतवाडीचा, आईच्या लग्नातला. त्यात कधीकाळी कुंकू असायचं. शमिकाला तेराव्या वर्षी लांज्याच्या शाळेत, झेंडावंदनाच्या रांगेत पहिली फिट आली, कुणी कांदा आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली, आणि ती शुद्धीवर आली तेव्हा सगळ्या शाळेचे डोळे तिच्या ओल्या स्कर्टवर होते. त्या दिवसापासून करंड्यातलं कुंकू गेलं नि गोळ्या आल्या. आई औषधवाल्याकडून पट्ट्या आणायची, न्हाणीघराच्या चुलीपुढे बसून एकेक गोळी अंगठ्यानं दाबून बाहेर काढायची, करंड्यात भरायची, आणि रिकाम्या पट्ट्या चुलीत घालायची. चांदी चुरचुरत आक्रसायची, प्लास्टिकचा घाण वास सुटायचा, नि त्याच चुलीवर तापलेल्या पाण्यानं मग शमिकाची आंघोळ. शेजारणीनं पट्टी बघू नये, पाहुण्यांनी बघू नये, पुढेमागे स्थळ घेऊन येणाऱ्यांनी तर मुळीच बघू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. आईचा त्यात काही दुष्टावा नव्हता. मुलीला फेफरं आहे एवढं एक वाक्य लांज्याच्या बाजारपेठेतून एकदा फिरून आलं असतं की मुलगी जन्माची घरात बसली असती, हे आईला पक्कं ठाऊक होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्या चुलीत नुसती पट्टी जळत नव्हती. पट्टीवर गोळीचं नाव होतं. नाव असतं तर कुणाला विचारता आलं असतं, मोबाईल आल्यावर शोधता आलं असतं. शमिका बारावी झाली, बीकॉम झाली, खात्याची परीक्षा देऊन नोकरीला लागली, लग्न करून रत्नागिरीत आली, आणि आपण रोज दोनदा काय खातो याचं नाव तिला माहीत नव्हतं. विचारलं असतं कुणी तर ती म्हणाली असती, गुलाबी. आताची गोळी वेगळी, पांढरी, पण करंडा तोच.

तिनं पर्स उघडली. पर्समध्ये एक छोटी डबी असायची, घाटात गाडी अडकली, उशीर झाला, तर असावी म्हणून करंड्यातली एक गोळी. कालच भरलेली. त्याच डबीत जेवणानंतरची कॅल्शियमची गोळी, बाळंतपणाच्या डॉक्टरांनी दिलेली. तिनं दोन्ही गोळ्या टेबलावर चहाच्या ओल्या डागाशेजारी ठेवल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही लांबट. आणि दोघींच्या पोटावर तीच रेघ, तीच अक्षरं. तिनं एकीला उलटं केलं, दुसरीला उलटं केलं. जागा बदलून बघितल्या. मग तिला कळेना की यातली कुठली कुठली, आणि कळेना म्हणजेच कळलं. दोन्ही कॅल्शियमच्या होत्या. फिटची गोळी करंड्यात नव्हतीच. कधीपासून नव्हती देव जाणे. ती आपली रोज सकाळ-संध्याकाळ, भाविकपणे, चुना गिळत होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. शमिकाला ती वाटेत पोटापाशी थांबल्यासारखी वाटली. ती सुर्व्यांना म्हणाली, पाच मिनिटं माईक सांभाळा, आणि मागच्या बाजूला, जिथे बंद पडलेल्या गाड्या उभ्या असतात, तिथे जाऊन तिनं गौरवला फोन लावला. गौरव जयगडला बंदरात क्रेनवर. घरात, सासूबाईंसमोर, ती त्याला अहो म्हणे, फोनवर अरे.

"गौरव, करंड्यात काय आहे रे?"

पलीकडे लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. मग गौरवचा, उगाच चढवलेला. "करंड्यात? म्हणजे? काय झालं?"

"माझा हात उडाला. चहाचा कप उडाला. करंड्यात काय आहे ते सांग."

"पडलीस काय? लागलं काय तुला?"

"गौरव."

"अगं, आई म्हणाली... हे बघ, तू चिडू नकोस. सोमवारपासूनच फक्त. आज संध्याकाळी गावी देवीला कौल लावायचाय ना, लवूकाका गुरवाला सांगून ठेवलंय. देवाचा हुकूम मिळेस्तोवर चार दिवस गोळी थांबली तर काय बिघडतंय, असं आई म्हणाली. तू टेन्शन घेशील म्हणून तुला नाय सांगितलं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"मागच्या वेळी त्या गोळीनंच झालं ना शमू? तूच होतीस ना माझ्याबरोबर कोल्हापूरला? आईला भीती वाटते गो. मलापण वाटते."

"मला नाही वाटत का?" ती इतक्या जोरात म्हणाली की गाडीखाली झोपलेलं कुत्रं उठून बाजूला गेलं. "माझ्या पोटात आहे ते. माझ्या! तुम्हा दोघांच्या भीतीला मी काय शेंदूर फासू?"

गौरव काहीतरी बोलत होता. तिनं फोन बंद केला.

मागच्या वेळी. घरात त्याला हेच नाव होतं, मागच्या वेळी. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी, थंडगार जेल, आणि पडद्याकडे बघत गप्पा मारणारे डॉक्टर हळूहळू बोलायचे थांबले ते थांबलेच. पाठीचा कणा नीट जुळलेला नाही. खाली उघडा राहिलाय. किती साध्या शब्दांत सांगितलं त्यांनी, आणि किती हळू, जणू मोठ्यानं सांगितलं तर ते जास्त खरं झालं असतं. मग कोल्हापूर, मग ते सगळं, मग रिकामी ओटी घेऊन आंबा घाट उतरणं. त्यानंतर घरात बोलण्याला नुसता ऊत. ग्रहणात हिनं विळी हातात धरली होती. माहेरी जाताना तिठ्यावर उतरली होती, भर दुपारी, केस मोकळे. सासूबाईंच्या मावसबहिणीनं येऊन सांगितलं की मुलीच्या पायगुणाचं बघून घ्या. आईनं लांज्याहून अंगारा पाठवला. सगळं झालं, एका गोळीवर कुणाची नजर गेली नाही, कारण गोळी होती कुठे? ती करंड्यात होती, कुंकवाच्या जागी, सौभाग्याचं लेणं होऊन बसली होती. लग्न ठरताना आईनं सासूबाईंना एकटं गाठून खरं ते सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, चालेल, पण बाहेर कळता नये. आणि गौरवला सांगितलं, तो म्हणाला, मला काय त्याचं. चांगलीच होती की माणसं! दोन बायांनी मिळून तो करंडा लांज्याहून रत्नागिरीला पोचवला, न्हाणीघरातली चूल जाऊन गॅस आला तर पट्ट्या मागच्या परसात पाचोळ्यात जाळल्या, आणि शमिकाला वाटलं, नशीब काढलं आपण.

मग कोल्हापूरच्या त्या डॉक्टरीणबाई, मेंदूच्या. प्रसूतीच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली म्हणून दोघं तिकडे गेले. बाईंनी विचारलं, कुठली गोळी घेता? शमिका म्हणाली, गुलाबी. बाई म्हणाल्या, नाव? शमिका म्हणाली, ठाऊक नाही. किती वर्षं? बारा. बारा वर्षांत कुणी सांगितलं नाही, की मुलगी वयात आली की या गोळीचा पुन्हा विचार करायचा असतो? लग्न ठरलं तेव्हा, दिवस राहायच्या आधी? शमिकानं मान हलवली. आळीतल्या ज्या डॉक्टरांनी ती पहिल्यांदा लिहून दिली ते दरवर्षी तिला बघायचे, नाडी धरायचे, आणि म्हणायचे, लग्न झालं की सगळं बरं होतं. हे त्यांचं औषध! बाईंनी औषधवाल्याला फोन केला, नाव काढलं, आणि कागदावर ठळक लिहून तिच्यापुढे सरकवलं. व्हॅल्प्रोएट. फिटवर उत्तम गोळी, पण पोटातल्या बाळाला धोका असणारी, कण्याला, आणि पुढे बुद्धीच्या वाढीलाही. "तुमचं याच गोळीनं झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं. तो तुमचा हक्क होता." हक्क. हा शब्द शमिकानं आपल्या बाबतीत कुणाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. तिला रडू यायला हवं होतं. तिला आला तो संताप, असा की समोरचा कागद तिनं चुरगळून मुठीत धरला आणि रत्नागिरीपर्यंत सोडला नाही. नंतर बाईंनी गोळी बदलली, हळूहळू, कित्येक महिने घेऊन. फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीपासून चालू केलं. आणि गौरवकडे बघून, बोट वर करून बजावलं: शंभर टक्के निर्धोक अशी गोळी जगात नाही, पण ही त्यातल्या त्यात पुष्कळच सुरक्षित आहे, आणि एक लक्षात ठेवा, गोळी बदलायची असते, थांबवायची नसते. अचानक थांबवली आणि मोठा झटका आला, तर आईही जाऊ शकते आणि बाळही.

गौरवनं घरी येऊन आईला काय सांगितलं? "गोळीमुळे झालं." पहिलं अर्धं वाक्य. दुसरं अर्धं आंबा घाटात पडलं असावं. आता या अर्ध्या वाक्याचे पाय सोमवारी तिच्या स्वयंपाकघरात आले होते, फळीवर चढले होते, करंड्यात हात घालून गेले होते. पुढच्या आठवड्यात ती सोनोग्राफी होती, तीच, कण्याची. रात्री-रात्री जागून शमिका त्या दिवसाची वाट बघत होती, आणि जी एक गोळी तिनं विचारून, समजून, नाव पाठ करून, स्वतःच्या पसंतीनं घेतली होती, आयुष्यात पहिल्यांदा, तीच हिरावून घेतली. जेव्हा बोलायचं होतं तेव्हा साऱ्या जगाच्या तोंडाला कुलूप, आणि आता जेव्हा गप्प बसायचं तेव्हा घरभर वैद्य. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि वर देवाचा हुकूम. गोळी सोमवारी काढली, देवाला विचारणार शुक्रवारी. वरातीमागून घोडं असतं ते ठीक, इथे तर वरात नवरीच्या उरावरून गेली होती.

तिनं कोल्हापूरला फोन लावला. बाई पेशंट तपासत होत्या, तरी फोनवर आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "कुणी काढल्या ते नंतर बघू. आत्ता जवळच्या दुकानातून घ्या आणि एक लगेच गिळा. संध्याकाळची संध्याकाळच्या वेळेला. उंचावर चढू नका, एकट्या आंघोळीला दार लावून बसू नका. परत हात उडाला तर रत्नागिरीत जे इस्पितळ जवळ असेल तिथे सरळ जा, आणि उद्या इथे या." आणि मग, "शमिका, तुम्ही आधी फोन केलात, हे फार चांगलं केलंत."

औषधाचं दुकान स्टँडसमोरच. तिनं मोबाईलवर बाईंच्या चिठ्ठीचा फोटो दाखवला, दुकानदारानं पट्टी काढून काचेवर ठेवली. ती बघत राहिली. नवी गोळी सुरू झाली तेव्हाही पट्ट्या गौरवनं आणल्या होत्या आणि सासूबाईंनी त्याच हातानं फोडून करंड्यात भरल्या होत्या. रीतच होती ती, कुणी मोडलीच नव्हती, तिनंही नाही. नाव माहीत झालं, पण नाव असलेली वस्तू हातात आजच. पट्टी हलकी होती, कडेला टोचत होती. तिनं पहिली गोळी फोडली, पाण्याची बाटली घेतली, आणि गिळताना तिची तिलाच जाणीव झाली: ती रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी होती. शाळेतल्या मुलीसारखी. सवय मेली जाईना.

दुपारभर ती माईकवर बसून राहिली. घरी जाऊन काय करायचं होतं? घरी गेलं असतं तर ती काहीतरी फोडून बसली असती. मिरकरवाड्याकडून येणारा वारा मासळीचा वास आणत होता, एरवी तो आला की तिला मळमळायचं, आज त्याच्याकडे लक्ष नव्हतं. गाड्या येत होत्या, ती त्यांची नावं घेत होती, गावांची, फलाटांची, आणि तिच्या लक्षात आलं, तिच्या आवाजावर दिवसाकाठी कितीतरी माणसं उठतात, बोचकी उचलतात, धावतात. कुणी विचारत नाही, बाई, नक्की का. घरात मात्र तिच्या पोटाबद्दल लवू गुरवाला विचारणार, दगडाला विचारणार, दगडावर चिकटवलेल्या पाकळीला विचारणार. तिला देवीबद्दल राग नव्हता. लहानपणापासून ती कौल बघत आली होती; गाय कुठे हरवली, मुंबईच्या भावाला नोकरी लागेल काय, विहिरीला पाणी कुठे, सगळं विचारलेलं बघितलं होतं. उजवी पाकळी पडली की माणसांचे चेहरे कसे सैल होतात तेही. राग होता तो विचारणाऱ्यांचा.

संध्याकाळी सासूबाई रिक्षा घेऊन स्टँडवरच आल्या. हातात ओटीचं सामान, नारळ, केळी, अंगावर ठेवणीतलं पातळ. चेहरा उतरलेला. गौरवचा फोन आला असणार. दोघी रिक्षात बसल्या. जयगडच्या रस्त्याला लागल्यावर सासूबाई बाहेर बघत म्हणाल्या, "माझ्यावर राग धरू नको, बाय. एक गेलं ना गो. त्याचे हातपाय तुला नाय दाखवले, मी बघितले. एवढे एवढे होते." त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यात अंतर धरून दाखवलं, आणि हात लगेच पदरात लपवला.

हे शमिकाला माहीत नव्हतं. तिचा संताप एकदम अडखळला, आणि मग दुप्पट उसळला, कारण हेही तिच्यापासून झाकलेलं. तिचंच मूल, आणि ते बघितलं दुसऱ्यानं.

"आई, मग मला विचारायचंत," ती म्हणाली. "मला सांगायचंत. करंड्यात चुना का भरलात? मी चालत्या गाडीपुढे पडले असते तर?"

"देवी बघते," सासूबाई पुटपुटल्या. "आज विचारून घेऊ. ती सांगेल तसं. ती घे म्हणाली तर मी स्वतः हातानं देईन तुला."

देवळात दिवेलागण होत होती. कौल खरा सकाळचा, पण गौरवची पाळी सुटायची म्हणून लवूकाकांनी संध्याकाळचा धरला होता. गौरव येऊन उभा होता, बंदरातल्या कपड्यांतच, तिच्याकडे न बघता. भावकीतली चार माणसं आणि एक म्हातारी काकी. कौल म्हटला की भावकी आलीच. लवूकाका गुरव म्हातारे, पण बोटं स्थिर. त्यांनी तांब्यातल्या पाण्यात पाकळ्या बुडवल्या आणि देवीच्या पाषाणाला उजवीकडे एक, डावीकडे एक अशा चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सासूबाई त्यांच्या कानाशी लागल्या. शमिका जवळच होती, तिनं ऐकलं. "नाव घेऊ नका हां लवूभाऊ. नुसतं 'ते औषध' म्हणा. माणसं उभी आहेत."

लवूकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, आज तुझ्या पायाशी जमलेत ती तुझी लेकरं. यांच्या घराला वंशाचा अंकुर फुटलाय म्हाराजा..." "होय म्हाराजा," भावकी. "त्या अंकुराला कसलं इघ्न येऊ नये म्हणून सुनेचं ते औषध बंद ठेवावं काय, असा सवाल घातलाय म्हाराजा. बंद ठेवायचं असेल तर उजवा दे म्हाराजा..." "होय म्हाराजा."

शमिका ऐकत होती. घर आलं, वंश आला, अंकुर आला. सून आली, नाव नसलेली. औषध आलं, नाव नसलेलं. आजार तर आलाच नाही. तिला आतून हसूच फुटायला लागलं, वाईट हसू. देवीला काय विचारलं होतं? कसलं औषध, कशावर, कुणाला, थांबवलं तर काय होईल, काहीच नाही. देवीपुढेसुद्धा करंडा! ती बिचारी पाषाणातून काय सांगणार? आळीतल्या डॉक्टरांनी तरी निदान नाडी धरली होती.

गाभाऱ्यात सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. पाकळ्या हलत नव्हत्या. गौरवच्या मनगटावरचं घड्याळ तिला दिसलं. गोळीची वेळ झाली होती.

तिनं पर्समधून पट्टी काढली, आणि यावेळी भिंतीकडे वळली नाही. दिव्याच्या उजेडात, सगळ्यांच्या तोंडासमोर, तिनं गोळीवर अंगठा दाबला. कट्. एवढासा आवाज, पण त्या शांततेत घंटा वाजावी तसा झाला. सगळ्यांच्या माना पाषाणाकडून तिच्याकडे वळल्या.

"शमिका!" सासूबाई घुसमटल्या आवाजात म्हणाल्या. "कौल पडायचाय अजून!"

"पडू दे ना आई. लवूकाका, तुमचं गाऱ्हाणं अर्धं राहिलं, ते मी पुरं करते." तिचा आवाज स्टँडवरचा झाला होता, कोपऱ्यातल्या बाकापर्यंत पोचणारा. "बा म्हाराजा, माझं नाव शमिका. मला फिट येते. तेराव्या वर्षापासून येते. माझं पहिलं मूल गेलं, ते ग्रहणानं नाही, पायगुणानं नाही. मला जी गोळी दिली तिच्याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं, कारण ती सगळ्यांनी मिळून लपवून ठेवली होती. आता ही दुसरी आहे. ही मी विचारून घेतलीय. ही थांबवली तर मी मरेन, आणि हे पोटातलंही मरेल. सोमवारपासून ती या लोकांनी मला न सांगता थांबवलीय. आता काय विचारायचं ते विचारा तिला."

होय म्हाराजा कुणीच म्हणालं नाही. काकीनं तोंडाला पदर लावला. भावकीतला एक जण खांबामागे सरकला. लवूकाकांनी पाकळ्या भिजवायचा तो तांब्या उचलला आणि तिच्यापुढे धरला. "घे बाय," ते म्हणाले, "कोरडी गिळू नको."

तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायली. पाण्याला फुलांचा वास होता. पट्टी तिच्या हातातून गाभाऱ्याच्या पायरीवर पडली होती, आणि सासूबाई, त्यांचा हात, तो बिचारा इतक्या वर्षांच्या सवयीचा हात, खाली गेला आणि पदराचं टोक त्या पट्टीवर ओढून मोकळा झाला. शमिकानं खाली वाकून तो पदर उचलला. रागानं नाही, आता रागाला तेवढं बळ नव्हतं. सासूबाईंचे डोळे भरले होते.

"झाकू नका, आई," ती म्हणाली. "गौरव, तुला इंग्रजी येतं ना? वाच. मोठ्यानं वाच."

गौरवनं पट्टी उचलून दिव्याकडे धरली. त्याचे हात बंदरातल्या ग्रीसनं काळे होते. त्यानं एकदा आईकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मग अडखळत, तुकड्या-तुकड्यानं, पण गाभाऱ्याबाहेरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या गोळीचं नाव वाचलं. मधेच कधीतरी एक पाकळी पडली. कुठल्या बाजूची, ते कुणी बघितलं नाही.